शेतकरी घराचं दप्तर: कागद मागितला की हातात यावा यासाठी

सगळे महत्त्वाचे कागद एका कॅरीबॅगेत, कॅरीबॅग पेटीत आणि पेटी माळवदाखालच्या कोनाड्यात, ही पद्धत कोणी कागद मागत नाही तोवर उत्तम चालते. मग जूनमध्ये पीककर्ज देणारी सोसायटी आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) मागते, कॉलेज निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) मागते, विमा कंपनी पेऱ्याची पावती मागते, आणि घरातली निम्मी माणसं फरशीवर बसून घड्या उलगडत राहतात.

चार ते सहा माणसं, एक-दोन गट जमीन, शिकणारी मुलं आणि पीककर्ज असलेल्या घरासाठी ही पद्धत आहे. पहिल्या मांडणीला दोन दिवस लागतात, पुढे आठवड्याला दहा मिनिटं पुरतात. सगळी रचना एकाच नियमावर उभी आहे: कागद कुठून आला हे पाहू नका, उद्या तो कोण मागेल आणि कुठल्या नावानं मागेल ते पाहा. बँकेतून आलेला कागद ‘बँक’ म्हणून ठेवला तर बेबाकी प्रमाणपत्र, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, पासबुकांच्या गठ्ठ्यात गडप होतं. ते मागणार आहे ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे कालपर्यंतचा तलाठी), आणि तो मागणार आहे गट नंबर सांगून. म्हणून त्याची जागा त्या गटाच्या फाईलीत.

आधी वेगळं करा, सामान नंतर आणा

नवखा माणूस पहिल्यांदा स्टेशनरीच्या दुकानात जातो, रंगीबेरंगी दहा फाईली आणतो आणि मग त्यात काय घालायचं याचा विचार करतो. परिणामी तीन फाईली फुगतात आणि सात रिकाम्या राहतात. आधी ढीग करा, ढीग मोजा आणि त्या हिशेबानं फाईली आणा.

वारा नसलेल्या खोलीत सतरंजी अंथरा, पंखा बंद ठेवा. घरातला प्रत्येक कागद एका जागी आणा: पेटीतले, कपाटातले, देवळीतले, देवाच्या फोटोमागचे, गाडीच्या डिकीतले, जुन्या पासबुकात घडी घालून ठेवलेले. मग पाच ढीग करा.

जमीन. माणसं. शेतीचा हंगाम, म्हणजे बियाणं, खत, विमा, विक्री. घर आणि वस्तू, म्हणजे वीज, नळपट्टी, गाडी, मोटार, वॉरंटी. पैसा, म्हणजे बँक, पॉलिसी, देणं-घेणं.

सहावा ढीग ‘कळत नाही’चा. तो असू द्या, त्याची लाज नको. मोडीतले, उर्दूतले, अर्धे फाटलेले कागद त्यात जातील. या टप्प्यावर काहीही वाचत बसू नका आणि काहीही फेकू नका. आजोबांचं पत्र सापडलं की काम थांबतं आणि दुपार जाते. एका कागदाला पाच सेकंद द्यायचे आणि पुढचा उचलायचा.

सामान

सगळ्या फाईली एकाच मापाच्या आणि एकाच प्रकारच्या हव्यात. पद्धत दिसायला नीट आणि वापरायला सोपी होते ती इथंच. माप फुलस्केप किंवा लीगलचं घ्या, ए-फोर नको. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब असतो, लीगल ३५६. जुनी खरेदीखतं, स्टॅम्पपेपर आणि कोर्टाच्या नकला ए-फोरपेक्षा लांब असतात. ए-फोर फाईलीत त्यांची खालची कड दुमडते, आणि सह्या-शिक्के नेमके त्या कडेला असतात.

साधारण घराला लागतं ते असं: दहा ते बारा पुठ्ठ्याच्या कोब्रा फाईली, एक बॉक्स फाईल, पन्नास पारदर्शक पाकिटं (पंचाची भोकं असलेली, लीगल मापाची), दोन भोकांचा पंच, शंभर पानी जाड पुठ्ठ्याची नोंदवही, पुठ्ठ्याची दुभाजकं, शिसपेन्सिल, काळं न पुसणारं पेन आणि पांढरी सुती नाडी.

पाकिटं घेताना बोटानं चोळून आणि वास घेऊन पाहा. चिकट लागणारं, उग्र वासाचं मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत असं प्लास्टिक झेरॉक्सची शाई ओढून घेतं आणि अक्षरं कागदावरून पाकिटावर जातात. थोडं धुरकट दिसणारं, करकर वाजणारं पॉलिप्रॉपिलीन घ्या. थोडं महाग पडतं, पण इथं काटकसर करू नये.

लॅमिनेशन करू नका. लॅमिनेशन केलेल्या दाखल्यावर पुढे शिक्का मारता येत नाही, कागद खरा की झेरॉक्स हे हाताला कळत नाही, आणि प्लास्टिक सोडवायला गेलं की कागदाचा वरचा थर निघून येतो. मुलाची दहावीची मार्कशीट आली की पहिल्या आठवड्यात लॅमिनेशनला नेणारे पालक चांगल्या मनानं तिचं नुकसान करतात.

कागद तयार करणं

फाईलीत घालण्याआधी प्रत्येक कागदाच्या टाचण्या, पिना आणि यू-क्लिपा काढा. गंजलेली पिन ओढू नका, पातळ सुरीनं तिचे पाय उलटे उचला. गंज कागद खातो, आणि दहा वर्षांनी त्या कोपऱ्यात तपकिरी भोक राहतं. घड्या उलगडून कागद रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. इस्त्री फिरवू नका. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून खालचं अक्षर घेऊन जाते. फाटका कागद आहे तसा पाकिटात घातला तरी चालतो.

मूळ कागदाला पंच कधीही मारायचा नाही. खरेदीखत, वाटणीपत्र, दाखले, मार्कशीट, पॉलिसी हे सगळं पाकिटात. पंच फक्त झेरॉक्सला आणि बिलांना. बहुतेक पंचांच्या भोकांमधलं अंतर ८० मिलिमीटर असतं. कागद मधोमध दुमडून कडेला हलकी खूण करा आणि ती खूण पंचाच्या बाणाशी जुळवा, म्हणजे सगळ्या पानांची कड एका रेषेत येते. अंदाजानं भोकं पाडली की फाईलीतून कागदांचे कान बाहेर येतात, आणि बाहेर आलेले कान आधी फाटतात.

प्रत्येक कागदाच्या मागच्या बाजूला, उजव्या वरच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं तारीख आणि फाईलचा क्रमांक लिहा. पुढच्या बाजूला एक टिंबही नको. पेननं लिहिलेली खूण उद्या कोर्टात ‘खाडाखोड’ ठरू शकते.

बाजार समितीतली काटा पावती, पेट्रोलपंपाची पावती, एटीएमची चिठ्ठी हे सगळं बहुधा उष्णतेनं छापलेलं असतं आणि उष्णतेनंच पुसलं जातं. जपायची असेल ती पावती त्याच आठवड्यात झेरॉक्स करा. कापसाच्या काट्याची पावती दिवाळीला ठेवली आणि उन्हाळ्यात काढली, तर बहुधा कोरा कागद हाती येतो.

फाईलींची नावं

नाव एकाच साच्यात: अक्षर, क्रमांक, विषय. ज म्हणजे जमीन, व म्हणजे व्यक्ती, श शेती-हंगाम, घ घर, प पैसा. ज-१ गट नंबर अमुक, ज-२ गट नंबर तमुक. व-१ आजोबा, व-२ आजी, जन्माच्या क्रमानं. लग्न होऊन आलेल्या सुनेला पुढचा क्रमांक द्यायचा. मधे कुणाला घुसवायचं नाही, नाहीतर पुढच्या सगळ्या फाईलींचे आकडे बदलतात.

चिठ्ठी फाईलच्या पाठीवर, सगळ्यांची एकाच उंचीवर, एकाच पेननं, शक्यतो एकाच माणसाच्या अक्षरात. ‘महत्त्वाचे’, ‘इतर’, ‘जुने कागद’ अशी नावं देऊ नका. ‘इतर’ नावाची फाईल वर्षभरात सगळ्यात जाड होते आणि तुम्ही परत कॅरीबॅगेवर येता. एखाद्या कागदाला जागा सापडत नसेल तर तो कोण मागेल हे विचारा. कुणीच मागणार नसेल तर तो ठेवायचा का, हेच आधी ठरवा.

जमिनीची फाईल

इथं घाई करू नका. दप्तराचं निम्मं मोल या फाईलींत आहे.

एका गटाला एक फाईल. जमीन कोणाच्या नावावर आहे त्यावरून फाईल करू नका, कारण नावं वारसानं, वाटणीनं, बक्षीसपत्रानं बदलत राहतात. गट तसाच राहतो. गटाचे पोटहिस्से झाले तर त्याच फाईलीत दुभाजक वाढवायचा.

फाईल उघडताच पहिलं पान तुम्ही लिहिलेलं असावं. त्यात गाव, तालुका, जिल्हा, जुना जिल्हा, गट नंबर, एकत्रीकरणाआधीचा (तुकडे जोडून गट पाडले त्याआधीचा) सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. जुना जिल्हा लिहायचं कारण मराठवाड्यापुरतं खास आहे. जालना जिल्हा १९८१ मध्ये झाला, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये. लातूरच्या माणसाच्या १९७५ च्या खरेदीखतावर उस्मानाबाद असतं, हिंगोलीवाल्याच्या कागदावर परभणी, जालन्याच्या बऱ्याच गावांच्या कागदांवर औरंगाबाद. त्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. मुलांना हे माहीत नसतं आणि ती ‘हा आपला कागद नाही’ म्हणून बाजूला ठेवतात. फाईल आजच्या नावानं लावा, जुनं नाव पहिल्या पानावर लिहा.

त्याच पानावर क्षेत्र दोन मापांत लिहा. जुन्या हैदराबाद संस्थानच्या आणि त्यानंतरच्याही कागदांवर एकर-गुंठे असतात, आजच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. जुन्या कागदावर ३.२० लिहिलं असेल तर ते तीन एकर वीस गुंठे, म्हणजे साडेतीन एकर, म्हणजे सुमारे १ हेक्टर ४२ आर. आजच्या सातबाऱ्यावर १.२० दिसलं तर ते १ हेक्टर २० आर, म्हणजे तीन एकराला दीडेक गुंठा कमी. दोन्हीकडे मधे टिंबच असतं. भावाभावांत ‘आपली जमीन कमी झाली’ हा वाद कित्येकदा या टिंबावरून उठतो.

आत दुभाजक लावून चार भाग करा.

पहिला भाग हक्काचा: खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, त्यांची सूची क्रमांक दोन (दस्त नोंदल्याचा निबंधक कार्यालयातला उतारा), वारसाचा फेरफार (हक्क बदलल्याची महसुली नोंद), कूळकायद्याचं प्रमाणपत्र. मराठवाड्यात जुनी कुळं १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यात येतात. घरात ‘३८-ई’ (कुळाला मालकी देणारं कलम) लिहिलेला कागद असेल तर तो सगळ्यात आधी पाकिटात घाला. १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची, सेतवारची (दोन्ही जुनी महसुली रजिस्टरं) नक्कल असेल तर तीही इथंच. या भागात सगळ्यात जुना कागद तळाला आणि नवा वर, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे आली ती साखळी पानं उलटताना दिसते. साखळीत खंड दिसला, समजा १९६८ चं खरेदीखत आहे आणि त्याचा फेरफार नाही, तर तिथं रंगीत कागद घालून ‘फेरफार आणायचा’ असं लिहा. हा रंगीत कागद फार उपयोगी पडतो. तहसीलला कधीही गेलात तरी काय मागायचं ते तयार असतं.

दुसरा भाग चालू उताऱ्यांचा: सातबारा, आठ-अ. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, म्हणून इथं ताजा एकच ठेवा. जुन्या तलाठ्यांच्या हाताचे सातबारे मात्र फेकू नका. पीकपेऱ्याच्या रकान्यात त्या वर्षी जमीन कोण कसत होतं याची नोंद असते. ते पहिल्या भागात तळाला घाला.

तिसरा भाग मोजणीचा: मोजणीचा अर्ज, चलन, नोटीस, ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा), गटाचा नकाशा. नकाशा दुमडायचाच असेल तर रेघांच्या मधून दुमडा, हद्दीच्या रेघेवर घडी पाडू नका. घडीवर शाई आधी उडते.

चौथा भाग बोजाचा, म्हणजे जमिनीवर चढवलेल्या कर्जाच्या नोंदीचा, आणि सगळ्यात जास्त चुका इथं होतात. कर्ज फिटलं की बँक बेबाकी प्रमाणपत्र देते. घरचे समजतात काम संपलं. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यातला बोजा आपोआप जात नाही. बँकेचं पत्र देऊन फेरफार करून घ्यावा लागतो. बेबाकी, बोजा कमी करायचा अर्ज आणि त्याचा फेरफार हे तिन्ही कागद एकाच पाकिटात, आणि तिसरा येईपर्यंत ते पाकीट पुढे सांगितलेल्या ‘चालू’ बॉक्समध्ये. पंधरा वर्षांनी जमीन विकताना फिटलेलं कर्ज उताऱ्यावर दिसतं, तेव्हा ती शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.

मोडी, उर्दू आणि फसली

‘कळत नाही’चा ढीग आता उघडा. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून महसुली कागद उर्दूत असणं साहजिक आहे. न वाचता येणारा कागद ही टाकायची गोष्ट नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी घरोघरी जी शोधाशोध झाली तिच्यात असेच कागद लोक शोधत होते. प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात घाला, पंच नाही, पिन नाही. सोबत एक चिठ्ठी: कुठल्या पेटीत सापडला, कोणाचा असावा, आकडे वाचता येत असतील तर कोणते. जाणकाराकडून वाचून घेतलं की मराठी भाषांतर त्याच पाकिटात, कागदाच्या मागे.

सन १३५७ असं काही दिसलं तर घाबरू नका, तो फसली, म्हणजे जुना महसुली, सन आहे. निजामाच्या राज्यातल्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. चिठ्ठीवर दोन्ही सन लिहा.

माणसांच्या फाईली

एका माणसाला एक फाईल. सगळ्यांची आधारकार्डं एका फाईलीत, सगळ्यांचे जातीचे दाखले दुसऱ्या फाईलीत, ही मांडणी दिसायला सुबक असते पण कामाच्या दिवशी अडते. मुलीच्या प्रवेशाला जाताना तिची एक फाईल उचलता आली पाहिजे.

क्रम सगळ्यांचा सारखा: जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला किंवा निर्गम उतारा, मार्कशीट, जातीचा दाखला आणि वैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्न, रहिवासी, वैद्यकीय. वर पहिल्या पानावर नावाचा तक्ता करा. कोणत्या कागदावर नाव नेमकं कसं आहे ते अक्षरशः उतरवा: आधारवर ‘बालाजी’, टीसीवर ‘बालाजीराव’, पासबुकात आडनाव आधी. इंग्रजी स्पेलिंगही तसंच लिहा. हा तक्ता केला की कुठला कागद दुरुस्त करायचा ते प्रवेशाच्या आधी सहा महिने कळतं. अर्ज अडला की धावपळ सुरू होते, आणि धावपळीत माणसं चुकीचा कागद दुरुस्त करून घेतात.

वडील, आजोबा, पणजोबांचे निर्गम उतारे आणि जुनी महसुली नोंद यांची प्रमाणित नक्कल कुटुंबातल्या सगळ्यांना लागते. तिला स्वतंत्र फाईल द्या, व-० वंशावळ. कोणते जुने कागद जपायचे हे तारखांवरून ठरतं: महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी मानीव दिनांक (कुटुंब त्या दिवशी राज्यात राहत होतं का हे जिच्यावरून पाहतात ती तारीख) अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ आहे. तुमच्या प्रवर्गाच्या तारखेआधीचा पुरावा तो व-० मध्ये सगळ्यात वर. पणजोबांचा पहिलीचा दाखला कितीही जीर्ण असो, तुमच्या डिग्रीच्या सर्टिफिकेटइतकाच जपा.

उत्पन्न आणि नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याला मुदत असते. पाकिटाच्या बाहेर चिठ्ठी चिकटवा, ‘या तारखेपर्यंत’. मुदत संपलेला मागे सरकवायचा.

हंगाम, घर, पैसा

हंगामाची फाईल वर्षाला एक, आत दोन भाग, खरीप आणि रब्बी. बियाण्याचं बिल घेताना त्यावर लॉट नंबर लिहिलाय का ते दुकानातच पाहा. सोयाबीन उगवलं नाही तर तक्रारीला बिल, पिशवीवरचा टॅग, रिकामी पिशवी आणि शिल्लक थोडं बियाणं लागतं. टॅग बिलाला दोऱ्यानं बांधून फाईलीत, पिशवी फाईलच्या क्रमांकासह वेगळी. पीक पूर्ण उगवून वर येईपर्यंत यातलं काहीही टाकू नका. पीकविम्याच्या अर्जाची पावती आली की तिच्यावरचा गट नंबर आणि क्षेत्र त्याच दिवशी सातबाऱ्याशी ताडून बघा. नुकसान कळवलं असेल तर त्याचा तक्रार क्रमांक पावतीच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा.

कारखान्याच्या उसाच्या वजन पावत्या बिलाला जोडून, बिल खात्यात जमा झाल्याची पासबुकातली तारीख वर. शेअर सर्टिफिकेट मात्र ‘प’ मध्ये, हंगामात नाही. सालगड्याला दिलेली उचल आणि त्याची सही असलेला कागद हंगामाच्या फाईलीत. पाडव्याला साल बदलतं तेव्हा हिशेब तिथंच सापडला पाहिजे.

घर आणि पैसा यात विशेष काही नाही. वीजबिल, नळपट्टी तारखेच्या क्रमानं, नवं वर. शेतीपंपाचं कोटेशन आणि ते भरल्याची पावती कायम ठेवा.

‘चालू’ बॉक्स आणि नोंदवही

बॉक्स फाईल एकच, आणि तिच्यात फक्त अर्धवट कामं: दिलेल्या अर्जाची पोच, आलेली नोटीस, भरायचं चलन. फेरफाराची नोटीस आली की पाकिटावर ती मिळाल्याची तारीख लिहा. हरकतीला १५ दिवसांची मुदत असते आणि ती तुमच्या सवडीनं चालत नाही. काम संपलं की कागद आपल्या फाईलीत. बॉक्सचं झाकण बसेना झालं तर काम थकलंय असं समजा, दुसरा बॉक्स आणू नका.

नोंदवहीत प्रत्येक मूळ कागदाला एक ओळ. रकाने सहा: अनुक्रमांक, कागदाचं नाव, त्यावरचा क्रमांक आणि तारीख, देणारं कार्यालय, फाईल, शेरा. झेरॉक्सची नोंद करू नका, नाहीतर वही महिन्यात सोडून द्याल.

मूळ कागद घराबाहेर गेला की त्याच्या पाकिटात एक पिवळी चिठ्ठी घालायची: कोण घेऊन गेलं, कुठं, कोणत्या तारखेला. परत आला की चिठ्ठी फाडायची. हा नियम घरात सगळ्यात आधी मोडतो, आणि बहुधा कर्ता माणूसच मोडतो.

व्यवस्था नीट लागली का हे स्वतः तपासू नका. ज्यानं फाईली लावल्या नाहीत अशा माणसाला, सुनेला किंवा दहावीतल्या मुलाला, सांगा: ‘ज-२ चा बोजा कमी केल्याचा फेरफार काढ.’ दोन मिनिटांत निघाला नाही तर चिठ्ठी बदला, माणसावर चिडू नका.

काय किती दिवस

सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायम जपायचा, ‘ड’ लवकर नष्ट करायचा. घरालाही हीच कल्पना लावा. अ मध्ये जमीन, शिक्षण, जन्म-मृत्यू-विवाह, जात आणि बेबाकी. ब मध्ये चालू पॉलिसी, कर्ज, गाडी. व्यवहार संपेपर्यंत आणि नंतर काही वर्षं. क मध्ये पैशाच्या पावत्या, उसनवारीच्या चिठ्ठ्या, विक्रीच्या पट्ट्या. पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, म्हणून निदान तेवढी. ड मध्ये वर्षापलीकडची वीजबिलं, संपलेल्या वॉरंट्या, जुने सातबाऱ्याचे प्रिंट. फाईलच्या पाठीवर क्रमांकाखाली हे अक्षर लिहून टाका. छाटणी वर्षातून एकदा, पाडव्याच्या आसपास, पेरणीची गडबड सुरू व्हायच्या आधी.

ड वर्गातला आधार, पासबुक किंवा सही असलेला कागद रद्दीत देऊ नका. चुलीत घाला. आपल्या आधारच्या झेरॉक्सवर चिवडा बांधून मिळणं गमतीचं नाही. बाहेर देताना झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘फक्त अमुक कामासाठी’, तारीख, सही.

जागा, वाळवी आणि पाणी

फाईली उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की तळाची कधीच निघत नाही. लोखंडी कपाट उत्तम. पेटी असेल तर ती जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर, आणि भिंतीपासून चार बोटं लांब. वाळवी भिंतीतूनच येते. कसर पुठ्ठ्याची खळ खाते, म्हणून पेटीत कडुलिंबाचा पूर्ण वाळलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला. ओला पाला घातला तर बुरशी येते. डांबर गोळ्या घातल्याच तर कागदाला टेकवू नका.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात घरात पाणी शिरून पेट्याच्या पेट्या भिजल्या. भिजलेला गठ्ठा उन्हात टाकू नका, कागद आकसतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. ओली पानं ओढून सुटी करू नका. आधी पाणी निथळू द्या, प्लास्टिकचं पाकीट कात्रीनं कापून काढा, मग गठ्ठा सावलीत कोऱ्या कागदांवर ठेवून पंखा दुरून लावा. वरचं पान सैल झालं की तेवढंच उचला. कोरे कागद दर तासाला बदला. शाई पसरायला लागली असेल तर पुसू नका, लगेच मोबाईलवर फोटो काढा.

तरीही कागद गेलाच तर बहुतेकांची प्रमाणित नक्कल मिळते: दस्ताची दुय्यम निबंधकाकडून, जुन्या महसुली कागदांची तहसीलच्या अभिलेख कक्षातून, मोजणीची भूमी अभिलेख कार्यालयातून, निर्गम उताऱ्याची शाळेतून. तिथं मात्र दस्त क्रमांक आणि वर्ष, फेरफार क्रमांक, रजिस्टर क्रमांक विचारतात. म्हणून नोंदवहीचा तिसरा रकाना कधी कोरा ठेवू नका, आणि वहीची झेरॉक्स दुसऱ्या गावातल्या एखाद्या विश्वासाच्या घरी, मामाकडे किंवा लेकीकडे, ठेवा. दरवर्षी छाटणी झाली की नवी झेरॉक्स पाठवायची.